कुकी नावाची चिठ्ठी



मागच्या महिन्यात पुण्याहून भाची आली होती. दुपारी जेवणं झाल्यावर ती मोबाईलवर काहीतरी वाचत बसली. मी शेजारीच होतो. बघतो तर दर पानावर खालून एक पट्टी वर यायची आणि पोरगी न वाचता पटकन बोट लावून मोकळी व्हायची. मी विचारलं, "काय गं, कशाला हो म्हणालीस?" ती म्हणाली, "मामा, कुकीज. हो म्हटल्याशिवाय पान उघडत नाही." मग मी विचारलं, कुकी म्हणजे काय? ती हसली. "बिस्कीट!" म्हणाली. एम.कॉम. झालेली मुलगी आहे.

तिला हसण्याचा मला काही अधिकार नाही. हे बिस्कीट काय असतं ते मला वयाच्या साठीजवळ कळलं, तेही घरात चार दिवस अबोला झाल्यावर. तो किस्सा पुढे येईलच. पण मी पडलो इतिहासाचा मास्तर. कुठलीही गोष्ट सनावळीपासून सुरू केल्याशिवाय मला चैन पडत नाही, तेव्हा आधी थोडा इतिहास सोसा.

आमच्या चिखल्याला सगळे ओळखतात ते मँगनीजच्या खाणीमुळे. तुमसरहून तिरोडीकडे जाणारी गाडी गोबरवाहीला थांबते, तिथून आमचं गाव जवळच. खाण इंग्रजांच्या काळातली. १९६२ साली सरकारने इंग्रज कंपनीबरोबर मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी काढली, आणि २०१० पासून तिचं नाव मॉयल झालं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं खाणकामगारांची असायची. हे सांगायचं कारण म्हणजे बिल्ला. जमिनीखाली उतरणाऱ्या माणसाने नंबराचा बिल्ला घ्यायचा किंवा ठेवायचा आणि वर आल्यावर तो परत करायचा, ही खाणींमधली जुनी पद्धत. बिल्ल्यावर नाव नाही, गाव नाही, फक्त आकडा. तो आकडा कोणाचा हे वर हापिसातल्या वहीत लिहिलेलं. १९५२ च्या खाण कायद्याने तर सक्तीच केली होती की, या घडीला खाली कोण कोण आहे ते हजेरीपटावरून कळलंच पाहिजे. छत कोसळलं तर कोणाला शोधायचं ते ठाऊक हवं ना! बिल्ला माणसाच्या जिवासाठी होता.

तर कुकी म्हणजे असाच एक बिल्ला. फक्त तो तुमच्या खिशात कोणी टाकला आणि कशासाठी टाकला, हे तुम्हाला कोणी सांगत नाही.

आता मूळ गोष्ट. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत, एवढाच त्यातला हेतू. म्हणून त्यांनी पद्धतही साधी ठेवली. तुम्ही पान मागायचं, समोरच्या संगणकाने ते द्यायचं आणि तुम्हाला विसरून जायचं. पुन्हा दुसरं पान मागितलंत तर तुम्ही त्याच्या दृष्टीने अगदी नवे.

माझ्या भाषेत सांगतो. समजा एक शाळा आहे आणि तिथे प्रत्येक तासाला वर्गावर नवाच गुरुजी येतो. त्याला ना मुलाचं नाव ठाऊक, ना कुठला धडा झाला ते. पोराने दर तासाला पहिल्यापासून सांगायचं. कागद वाचण्यापुरतं हे चालून गेलं. पण दुकान मांडायचं म्हटलं की पंचाईत. गिऱ्हाइकाने पिशवीत साखर टाकली, चहापत्तीच्या फळीकडे वळला, तोवर दुकानदार विसरला की साखर कोणी घेतली होती!

ही अडचण १९९४ साली अमेरिकेत नेटस्केप या नव्या कंपनीपुढे आली. त्यांच्या एका गिऱ्हाईक कंपनीला, एमसीआयला, इंटरनेटवर दुकान काढायचं होतं. पण कोणाची खरेदी कुठवर आली याची अर्धवट टिपणं आपल्या संगणकावर साठवायची तिची तयारी नव्हती. नेटस्केपमध्ये लू माँटुली नावाचा एक प्रोग्रामर होता, वय चोविसाच्या आसपास. त्याने तोडगा काढला. टिपण दुकानदाराकडे ठेवायचंच कशाला? चिठ्ठी लिहून गिऱ्हाइकाच्याच खिशात ठेवा. पुन्हा आला की त्याने चिठ्ठी दाखवायची. युनिक्सवर काम करणाऱ्यांमध्ये 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीपासून होता. एका प्रोग्रामने दुसऱ्याला द्यायची आणि जशीच्या तशी परत घ्यायची खूण, असा त्याचा अर्थ. त्यातलं 'मॅजिक' गळालं आणि कुकी उरली. ऑक्टोबर १९९४ मध्ये नेटस्केपचा पहिला ब्राउझर लोकांसाठी बाहेर पडला त्यात ही सोय होती. पहिला वापर अगदी किरकोळ होता. नेटस्केपच्या साईटवर आलेला माणूस आधी येऊन गेला आहे की नवा आहे, एवढंच बघायचं.

या माँटुलीबद्दल मला एका गोष्टीचं कौतुक वाटतं. त्याच्यापुढे आणखी सोपा मार्ग होता, प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकायचा. त्याने तो नाकारला. कारण मग तो क्रमांक सगळ्याच साईटना दिसला असता आणि माणूस कुठे कुठे फिरतो याचा माग कोणीही काढू शकला असता. म्हणून त्याने नियम घातला की, ज्या साईटने चिठ्ठी दिली त्याच साईटला ती परत दिसेल, दुसरीला नाही. आमच्या शाळेची चिठ्ठी आमच्याच शाळेत चालेल, तुमसरच्या शाळेत नाही. विचार चोख होता.

पण चोर नेहमी मागच्या दाराने येतो. वर्तमानपत्राचं पान आपण उघडतो तेव्हा बातमी वर्तमानपत्राकडून येते, मात्र बाजूच्या चौकटीतली जाहिरात बहुतेक वेळा तिसऱ्याच कंपनीकडून येते. ती आणायला तुमचा ब्राउझर त्या तिसऱ्या कंपनीच्या दारात जातो आणि ती कंपनीसुद्धा आपली चिठ्ठी खिशात सरकवते. पुढे तुम्ही स्वयंपाकाच्या साईटवर गेलात, तिथेही जाहिरात तिचीच. मग औषधांच्या साईटवर, तिथेही तीच. चिठ्ठी तिची, परत दाखवायची तीही तिलाच. नियम कुठेही मोडला नाही आणि तुमचा माग पुरा निघाला. आपल्याकडे एकच बांगडीवाला आठवडाभर वेगवेगळ्या गावच्या बाजारात फिरतो, त्याला कोणत्या घरची लेक माहेरी आली ते सगळं ठाऊक असतं. तसंच हे. फरक एवढाच की बांगडीवाला आपल्याला दिसतो.

१९९५-९६ मध्ये अमेरिकेत डबलक्लिक नावाची जाहिरात कंपनी उभी राहिली ती याच धंद्यावर. (पुढे २००७ मध्ये गुगलने ती ३१० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं आणि २००८ मध्ये व्यवहार पुरा झाला. चिठ्ठ्यांची किंमत लक्षात घ्या!) सामान्य माणसाला मात्र आपल्या संगणकात अशा चिठ्ठ्या साठतात याची गंधवार्ता नव्हती. १२ फेब्रुवारी १९९६ ला लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने हे छापलं तेव्हा गवगवा झाला. अमेरिकेच्या व्यापार आयोगासमोर सुनावण्या झाल्या. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी कुकीचं पहिलं रीतसर नियमपत्र काढलं. लिहिणारे दोघे, डेव्हिड क्रिस्टॉल आणि खुद्द माँटुली. त्यात बजावलं होतं की तिसऱ्याची चिठ्ठी मुळात बंद असावी, हवी असेल त्याने सुरू करावी. ब्राउझरवाल्या दोन्ही बड्या कंपन्यांनी ते मानलं नाही. जाहिरातीच्या पैशावर वेब चालू लागलं होतं. त्या एका ओळीची अंमलबजावणी तेव्हाच झाली असती तर आज भाचीला दर पानावर बोट लावावं लागलं नसतं.

आपल्या देशात या सुमारास काय चाललं होतं? १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. आम्ही तेव्हा गोबरवाहीहून एसटीडी लावायला रांगेत उभे राहत होतो. इंटरनेट पाहायला मला पुढे तुमसरला जावं लागलं, सायबर कॅफेत. तासाचे वीस रुपये, दोन खुर्च्यांमध्ये प्लायवूडची फळी आणि पंख्याला घरघर.

आता तो किस्सा.

२००८ साली मी निवृत्त झालो. थोरला मुलगा तेव्हा पुण्यात नोकरीला. त्यानेच मला मेलचा पत्ता काढून दिला होता. पंधरा दिवसांतून एकदा बाजाराच्या निमित्ताने तुमसरला जायचं, कॅफेत बसायचं, त्याची पत्रं वाचायची आणि दोन बोटांनी उत्तर टंकायचं, असा नेम होता. पासवर्ड मला राहत नसे. मेलच्या दारावर 'मला लक्षात ठेव' अशी एक चौकट असायची. मी मोठ्या खुशीने तिथे खूण करायचो. वाटायचं, यंत्र किती अदबीने विचारतं!

२००९ मध्ये मंदी आली तेव्हाची गोष्ट. मुलाचं पत्र आलेलं. नोकरी गेली होती. दुसरी शोधतो आहे, घराचे हप्ते थकतील की काय अशी काळजी आहे, आणि शेवटी लिहिलेलं, 'आईला सांगू नका.' मी दोनदा वाचलं. उत्तर लिहिलं. डोकं ठिकाणावर नव्हतं. कोपऱ्यातल्या लाल फुलीवर टिचकी मारली, खिडकी बंद झाली, मी पैसे देऊन उठलो. माझ्या लेखी मी दार लावून घेतलं होतं.

प्रत्यक्षात फुली मारून खिडकी बंद होते, खाते बंद होत नाही. 'मला लक्षात ठेव' म्हटल्यामुळे चिठ्ठी त्या संगणकावर तशीच राहिली होती. माझ्या खिशात नव्हे, कॅफेच्या खिशात. पुढे बसणाऱ्याने मेलची साईट उघडली की त्याला माझीच पेटी उघडून मिळणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. अंगणातच उभा राहिला. "गुरुजी, तुमची पेटी कॅफेत उघडीच रायली व्हती जी. मी बंद केली. वाचलं नाही काई." त्याचे कान लाल झाले होते. मी त्याला चहा पाजला. त्याने वाचलं की नाही हे मी आजवर विचारलेलं नाही. पण त्याच्या आधी त्या खुर्चीवर दिवसभरात आणखी किती जण बसून गेले असतील, देव जाणे.

चौथ्या दिवशी ही चक्कीवरून दळण घेऊन आली. डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "पोराची नोकरी गेली म्हणते लोकं. अन् मले चक्कीवाल्याच्या बायकोकडून समजते." पुढे काही बोलली नाही. पुढचे चार दिवसही नाही. तिला नोकरीचं तेवढं दुःख नव्हतं, पोरगा धडधाकट होता, दुसरी मिळाली असती (आणि पाच महिन्यांनी मिळालीही). आपल्याला घरातल्याच दोघांनी वगळलं, याचं होतं. यात कुकीचा दोष किती आणि माझा किती, याचा हिशेब मी अनेकदा मांडला आहे. पत्र लपवलं मी. चिठ्ठी फक्त तिचं नेमून दिलेलं काम करत होती.

त्या विद्यार्थ्यानेच नंतर मला ब्राउझरमधली ती जागा दाखवली. साठलेल्या कुकींची लांबलचक यादी पडद्यावर आली. ज्यांची नावं जन्मात ऐकली नव्हती अशा साईटची नावं त्यात. मी तर चारच ठिकाणी जात होतो!

थोडं विषयांतर. ११ एप्रिल २०११ ला केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियम काढले. येणाऱ्याचं ओळखपत्र बघा, कोण कधी कोणत्या संगणकावर बसला ते वहीत लिहा आणि वही वर्षभर जपा. खाणीचा हजेरीपटच म्हणा ना. मात्र उठताना गिऱ्हाइकाच्या चिठ्ठ्या पुसून टाकल्या पाहिजेत, हे आमच्या कॅफेत कोणी कधी सांगितलं नाही.

माणसाला खाजगीपणाचा हक्क आहे का, हा प्रश्नच आपल्याकडे २०१७ पर्यंत लोंबकळत होता. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. २०१२ साली, वयाच्या शहाऐंशीच्या आसपास, ते आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. (आम्ही सत्तरीत गुडघे दुखतात म्हणून बसून राहतो!) त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नवांमध्ये आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. आणि मुख्य निकालपत्र लिहिलं धनंजय चंद्रचूड यांनी. त्यात त्यांनी आणीबाणीतला, १९७६ चा जबलपूर प्रकरणाचा निकाल चुकीचा ठरवला. त्या जुन्या निकालात बहुमताच्या बाजूने असलेल्या चार न्यायमूर्तींपैकी एक होते त्यांचे वडील, यशवंतराव चंद्रचूड. मी ही बातमी पेपरात वाचली तेव्हा चष्मा काढून ठेवला होता. बाप आणि लेक आणि मध्ये एकेचाळीस वर्षं. इतिहास शिकवताना असं उदाहरण हाताशी असतं तर काय बहार आली असती.

त्या निकालानंतर कायदा व्हायला सहा वर्षं लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली. कायद्यात एक गोष्ट मला फार आवडली. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यायची आहे. म्हणजे मराठीतही. 'हो' म्हणण्याआधी माणसाला कशाला हो म्हणतोय ते आपल्या भाषेत कळावं, एवढी साधी अपेक्षा.

भाचीच्या मोबाईलवर येणारी पट्टी मात्र मुळात युरोपातली. तिथे २००९ च्या दुरुस्तीने कुकी ठेवण्याआधी विचारणं सक्तीचं झालं आणि २५ मे २०१८ पासून आणखी कडक कायदा आला. पट्टी आली, पण 'मान्य' मोठ्या रंगीत अक्षरांत आणि 'नको' तीन पानं आत लपवलेलं. २०२२ च्या सुरुवातीला फ्रान्सच्या नियामकाने याच लबाडीसाठी गुगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचं जाहीर केलं. 'हो' म्हणणं जितकं सोपं, तितकंच 'नाही' म्हणणंही सोपं हवं, हा मुद्दा.

तेव्हा भाचीला जे करून दाखवलं ते इथे लिहून ठेवतो, घरातल्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

पट्टी आली की आधी 'नाकारा' शोधा. ते नसेल तर 'पर्याय' किंवा 'सेटिंग' मध्ये जा. बहुतेक ठिकाणी नाकारलं तरी पान उघडतं, भाचीचा समज चुकीचा होता. साईट चालवायला लागणारी आवश्यक कुकी मात्र राहतेच, तिला भिऊ नका. कुकी हा काही व्हायरस नाही. साधा चार ओळींचा मजकूर असतो, स्वतःहून काही करत नाही.

तिसऱ्याच्या चिठ्ठ्या बंद करा. सफारीने त्या मार्च २०२० पासून आपणहून बंद केल्या, फायरफॉक्सने २०१९ पासून माग काढणाऱ्या अडवायला सुरुवात केली. क्रोमचं मात्र सरकारी रस्त्यासारखं झालं. जानेवारी २०२० मध्ये गुगलने सांगितलं की दोन वर्षांत बंद करतो, मग तारीख पुढे, आणखी पुढे, आणि जुलै २०२४ मध्ये सांगितलं की बंद करणार नाही. म्हणून क्रोमवाल्यांनी स्वतः करायचं. कोपऱ्यातले तीन ठिपके, तिथून सेटिंग्ज, त्यात गोपनीयता आणि सुरक्षा, त्यात तृतीय पक्ष कुकीज. एकदाच करायचं काम आहे.

सगळ्या कुकीज पुसायची सोयही तिथेच जवळ आहे, पण ती वापरताना लक्षात असू द्या की सगळीकडून तुम्ही बाहेर फेकले जाल. पासवर्ड वहीत लिहिलेला नसेल तर आधी लिहा. आमच्या भावजींनी उत्साहात सगळं साफ केलं आणि दोन दिवस रेल्वेच्या तिकिटासाठी माझं डोकं खाल्लं. एकेका साईटच्याही पुसता येतात, ते बरं.

आणि दुसऱ्याच्या संगणकावर बसायची वेळ आली, सेवा केंद्रात म्हणा किंवा लग्नघरी म्हणा, तर गुप्त खिडकी उघडून बसा. तिच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की तिथल्या चिठ्ठ्या जातात. तरीही उठण्याआधी 'लॉग आउट' दाबाच. लाल फुलीवर विसंबू नका.

एक सांगायचं राहिलं. मोबाईलमधल्या ॲपना या कुकीची गरज नसते, त्यांचे माग काढायचे रस्ते वेगळे आहेत. त्यावर लिहायला मला आधी शिकावं लागेल.

हे सगळं चालू असताना ही दारात उभी राहून ऐकत होती. तिचाही मोबाईल मी घेतला, तिसऱ्याच्या चिठ्ठ्या बंद केल्या आणि यादी उघडून एकेक पुसायला लागलो. "अहो, तो अनरसेवाला राहू द्या," ती म्हणाली. "अन् पुसल्यावर मले सांगा काय काय पुसलं ते." मग मी एकेक नाव मोठ्याने वाचत गेलो आणि ती हो-नाही सांगत गेली.